हजार ओहम

१

सुनिल हाडळला खांबावरून खाली उतरवलं तेव्हा तो जिवंत होता. कासाच्या रुग्णालयात पोचायच्या आत, चारोटी नाका दिसू लागला असताना, जीपमध्येच तो गेला. वय सत्तावीस, वीज कंपनीच्या ठेक्यावरचा लाइनमन. तारीख सोळा नोव्हेंबर दोन हजार सतरा.

रानशेतच्या वरच्या पाड्यात विजेचा एकतीस नंबरचा खांब आहे. त्या खांबावर तो कमरेच्या पट्ट्याला लोंबत होता. दोन्ही तळहात जळून काळे पडले होते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बाबल्या घाटाळनं, सुनिलच्या बायकोच्या थोरल्या भावानं. आणि गुन्हेगार शोधायला पोलिसांना कुठे जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबल्या आपल्या पायांनी ठाण्यात आला आणि म्हणाला, “मी मारला.”

बाबल्याची पाड्यात भातगिरणी होती. लाइट नसली की तो डिझेलच्या जनरेटरवर गिरणी चालवायचा. अशा वेळी गिरणीची कंपनीच्या तारेशी असलेली जोडणी आधी तोडायची असते. बाबल्यानं ती तोडली नव्हती. मग वीज उलटी निघते, डीपीतून, म्हणजे पाड्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून, मागे चढते, चढताना अकरा हजार व्होल्टची होते आणि बंद म्हणून निर्धास्त धरलेल्या तारेत उतरते. वीज कंपनीनं संगणकावर अख्खी लाइन उभी करून, म्हणजे सिम्युलेशन करून, हे सिद्ध केलं होतं. सेहेचाळीस पानांचा अहवाल, रंगीत आलेख, खाली उपकार्यकारी अभियंता स्वप्ना राऊत यांची सही. सिम्युलेशन करणारा अभियंता विपुल बारी.

फेब्रुवारीत ही फाइल सरकारी विद्युत निरीक्षक अहिल्या चुरी यांच्या टेबलावर आली. आधीचे निरीक्षक निवृत्त होताना ती तशीच ठेवून गेले होते. फक्त बंद करायची होती. अहिल्याबाई मूळच्या चिंचणीच्या, वय चोपन्न, गुडघ्यानं अधू, जिभेनं नव्हे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. संगणकावर त्यांचा राग नव्हता आणि भक्तीही नव्हती. त्याला काय सांगितलं होतं, एवढंच त्या बघत.

एकोणिसाव्या पानावर पेन्सिल थांबली. लाइनच्या मधोमध, विसाव्या खांबावर, एक स्विच असतो. तो उघडला की वरचा पाडा खालच्या पाड्यापासून तुटतो. संगणकाला सांगितलं होतं की त्या दिवशी हा स्विच उघडा होता.

तो कोणी उघडला, कधी उघडला, कशासाठी, याबद्दल बाकीच्या पंचेचाळीस पानांत आणि पोलिसांच्या कागदांत एक अक्षर नव्हतं.

२

रानशेतला गिरणीचं दार बाहेरून काटक्यांनी बांधलेलं होतं. अंगणात जनरेटर पडला होता. कोणीतरी घणानं त्याचे तुकडे केले होते.

“कोणी फोडला?”

“मी,” बाबल्या म्हणाला. चाळिशीचा, रुंद हाडांचा माणूस. पण बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघत होता. तो जामिनावर होता. पाड्यात त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. लग्नाला, मयताला बोलावणं बंद झालं होतं. बहीण जमना तलासरीला सासूजवळ राहत होती आणि सुनिलच्या दिवसकार्याला तिनं सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

“जनरेटर किती वाजता चालू केला?”

“जेवून आल्यावर. दीड वाजला असंल.”

“विसाव्या खांबावरचा स्विच तू उघडलास?”

“मना नाय समजत तो. मी कशाला हात लावू?” मग तो म्हणाला, “बाई, लिहून घेतलाय ना सगळा. आता काय उरलाय?”

अहिल्याबाईंनी त्याला दिलासा दिला नाही. दिलासा द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

एकतीस नंबरचा खांब गिरणीपासून हाकेच्या अंतरावर होता. त्या खाली उभ्या राहून वर बघत राहिल्या. बंद तार हातात घेण्याआधी ती साखळीनं जमिनीला जोडायची असते. मग चुकून वीज आलीच तर ती माणसाला सोडून मातीत जाते. पण ती साखळी कंपनीच्या माणसांना मिळते. सुनिल ठेक्यावरचा. त्याला पक्कड, पट्टा आणि दोरी मिळाली होती, आणि दोघांच्या कामाला तो एकटा पाठवला गेला होता.

उतारावरून त्या खालच्या पाड्यात आल्या. अंगणवाडीत मदतनीस नवशी तांदूळ निवडत बसली होती. अहिल्याबाई पाणी मागायचं निमित्त करून टेकल्या. सुनिलचा विषय निघाल्यावर नवशीनं सूप बाजूला ठेवलं.

“त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. पोरां घामानं किरकिरत व्हती. मधीच पंखा फिराय लागला. मी म्हटलं, आली बाय लाइट. तर कसली. चार फेरे घेतले न् थांबला.”

“कधी?”

“खिचडी चुलीवर व्हती. साडेबारा-पाऊण. एकला आम्ही वाढतो.”

“पोलिसांना सांगितलंस?”

“पंख्याचा कोण इचारतो?”

अहिल्याबाईंनी वर पाहिलं. छताला निळ्या पात्यांचा साधा पंखा होता. अंगणवाडी सोळाव्या खांबाजवळ, म्हणजे विसाव्या खांबाच्या अलीकडे. वेळ तर जुळत नव्हतीच, पण दीड हा बाबल्याच्या तोंडचा आकडा होता. कंपनीच्या अहवालाप्रमाणे मधला स्विच उघडा होता. मग बाबल्याच्या जनरेटरची वीज या पंख्यापर्यंत आली कुठून?

३

उपकेंद्र कासा रस्त्याला होतं. तिथून रानशेतची लाइन निघते. शांताराम मर्दे तिथले यंत्रचालक. मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांचं रजिस्टर इतकं स्वच्छ होतं की त्यातून मुलांना कित्ता गिरवायला द्यावा.

“सव्वादहाला सुनिलनं लाइनवर चढायचं परमिट घेतलं,” शांताराम बोट ठेवून सांगू लागले. “काम कुठे, तर खांब पंचवीस ते चाळीस यांच्यामध्ये. मी ब्रेकर उघडला, लाइन बंद केली, लाल पाटी लावली. माणसं काम करत आहेत, अशी पाटी. संध्याकाळी सहाला डहाणूच्या ऑफिसातून सांगितल्यावर लाइन चालू केली. मधे काही नाही.”

“परमिट परत आल्याशिवाय ब्रेकर लावता कधी?”

“तीस वर्षांत एकदाही नाही, मॅडम.” हे ते ताठ मानेनं म्हणाले. अहिल्याबाईंना ते खरं वाटलं, आणि म्हणूनच त्या अधिक सावध झाल्या.

प्रत्येक ब्रेकरच्या पेटीत काचेमागे एक आकडा असतो. ब्रेकर लावला, म्हणजे लाइन चालू केली, की तो एकानं पुढे सरकतो. मागे आणायची सोय नसते. पंधरा नोव्हेंबरला, अपघाताच्या आदल्या दिवशी, ब्रेकरची देखभाल झाली होती. पेटीच्या दाराला आतून त्याचं कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर आकडा होता दोन हजार तीनशे अठरा. आज काचेमागे दोन हजार तीनशे साठ दिसत होता.

“खुर्ची द्या,” अहिल्याबाई म्हणाल्या.

तीन महिन्यांचं रजिस्टर त्यांनी ओळीओळीनं मोजलं. लाइन किती वेळा बंद झाली, किती वेळा लावली. शांताराम शेजारी उभे होते. पंख्याखाली उभं असूनही त्यांच्या शर्टाची पाठ भिजत गेली.

“तुमच्या रजिस्टरात ब्रेकर एक्केचाळीस वेळा लावलाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पेटी म्हणते बेचाळीस. एक वेळ कुठे गेली?”

“एखादी नोंद राहिली असेल.”

“तुमची? तुम्ही तर आकड्याखाली रेघसुद्धा पट्टीनं मारता.”

अहिल्याबाई उठल्या तेव्हा त्यांचं लक्ष पॅनेलच्या मागे गेलं. दोन बारीक वायरी बाहेर आलेल्या होत्या, टोकांना काळी टेप.

“या कसल्या?”

“बारीसाहेबांच्या रेकॉर्डरच्या. लाइनमधून किती करंट जातो ते सेकंदाचे बारीक तुकडे करून मोजणारं मशीन होतं. दिवाळीपासून लावलं होतं.”

“काढलं कधी?”

शांतारामनी रजिस्टर मिटलं. “सतरा तारखेला,” ते म्हणाले. “सुनिलला अग्नी दिला त्या सकाळी.”

४

“तुम्हाला नक्की काय हवंय, मॅडम?” स्वप्ना राऊत यांनी डहाणूच्या कार्यालयात अहिल्याबाईंना खुर्ची दिली, पण मोबाइलवरून बोट काढलं नाही. “माणूस गेला, वाईट झालं. ज्याच्यामुळे गेला त्यानं कबूल केलं. तुमच्या सहीसाठी तीन महिने फाइल अडकलीय.”

“मला स्विच हवाय. विसाव्या खांबावरचा. तो उघडा होता असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“लाइनवर कोणी ना कोणी उघडतंच. सुनिलनंच उघडला असेल.”

“बरं. उघडा होता असं धरू. मग जनरेटरची वीज खालच्या पाड्यात जाऊच शकत नाही. पण अंगणवाडीचा पंखा फिरला.”

स्वप्नाबाईंनी पहिल्यांदाच मोबाइल पालथा ठेवला. “मग बंद असेल. लावलेला असेल. तेवढ्यानं काय बदलतं? जनरेटरची वीज अंगणवाडीपर्यंतही गेली, इतकंच.”

“बंद असेल तर त्या एका जनरेटरला दोन्ही पाड्यांच्या मिळून अठरा डीपी ओढाव्या लागतात. शेळीला नांगराला जुंपल्यासारखं. तो पहिल्याच झटक्याला बसणार. तुमच्या बारींनी हे नक्की करून पाहिलं असणार, आणि जमत नाही म्हणूनच स्विच उघडा दाखवला असणार.” अहिल्याबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. “स्विच उघडा, तर पंखा फिरत नाही. स्विच लावलेला, तर जनरेटर टिकत नाही. दोन्हीकडून बाबल्या सुटतो. राहतं एकच, उपकेंद्र.”

स्वप्नाबाईंनी मोबाइल पुन्हा सरळ केला.

“मी त्या दिवशी पालघरला बैठकीत होते,” स्वप्नाबाई म्हणाल्या. “चाळीस माणसांसमोर, सकाळी दहा ते चार.”

“मी तुम्हाला विचारलं नव्हतं, तुम्ही कुठे होता ते.”

“विपुल इथेच होता, त्याच्या खोलीत. उपकेंद्रात फक्त शांताराम. तुम्हाला कोणाला तरी धरायचंच असेल तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि टेबलावरची फाइल अहिल्याबाईंकडे सरकवली. “तीन महिने राहिलेत त्याच्या निवृत्तीला. बघा बाई. एक कबुली देऊन बसलाय, आता या म्हाताऱ्यालाही सोडायचं नसेल तर.”

अहिल्याबाईंनी फाइल परत त्यांच्याकडे सरकवली. “आधी मला विपुल बारींचा संगणक बघायचाय.”

५

विपुल बारी तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड माणूस होता. त्यानं स्वतः चहा ओतून दिला. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर रानशेतची लाइन उभी होती: एकेक खांब, एकेक डीपी, डोंगरातली वळणंसुद्धा.

“याला मी दीड वर्ष दिलंय,” तो म्हणाला. “इथे बसून मी सांगू शकतो की कुठल्या पाड्यात संध्याकाळी दिवे मिणमिणतील. आधी कोणी ऐकत नव्हतं. नोव्हेंबरात मुंबईच्या परिषदेत दाखवलं, तेव्हापासून बाहेरची माणसं फोन करतात.”

“काय दाखवलं?”

त्यानं हौसेनं आलेख काढला. बंद पडलेली लाइन एकदम चालू केली की सगळ्या डीपी एकाच वेळी जाग्या होतात आणि करंटची मोठी उसळी येते. दोन रेघा होत्या. निळी संगणकानं आधीच वर्तवलेली, लाल रेकॉर्डरनं प्रत्यक्ष मोजलेली. एकीवर दुसरी तंतोतंत बसत होती. फक्त एका जागी लाल रेघ थोडीशी तुटक होती.

“इथे काय झालं?”

“गोंधळ होता. मोजमापात किडा येतो कधीकधी. तो काढून टाकला.”

“हे मोजमाप कुठल्या तारखेचं?”

“ऑक्टोबरमधलं,” विपुल म्हणाला. चहाचा कप त्यानं बशीत ठेवला तो जरा जोरात.

निरीक्षकाला कागद आणि संगणक तपासायचा अधिकार कायद्यानं असतो. अहिल्याबाईंनी त्याला खुर्चीतून उठायला सांगितलं. फाइली नावानं लावलेल्या होत्या. त्यांनी त्या तारखेनं लावल्या आणि सोळा नोव्हेंबरवर आल्या.

त्या दुपारच्या सात फाइली होत्या. नावं म्हणजे नुसते आकडे. बारा चाळीसला ‘२५’. बारा त्रेचाळीसला ‘२६’. मग ‘२७’, ‘२८’, ‘२९’, ‘३०’. दर तीन मिनिटांनी एक. बारा अठ्ठावन्नला ‘३१’. त्यानंतर एकही नाही.

अहिल्याबाईंनी शेवटची उघडली. पडद्यावर रानशेतची लाइन आली. एकतीस नंबरच्या खांबावर तार आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी जोडलेलं होतं. त्याला नाव दिलेलं नव्हतं, फक्त ते विजेला किती अडवतं हे लिहिलं होतं: हजार ओहम. शेजारी लाल रेघ पुरी होती, न तोडलेली, आणि तिच्यावर पाव सेकंदाचा एक बारीकसा उंचवटा. निळ्या रेघेवरही आता नेमका तेवढाच उंचवटा होता.

विजेचं शिक्षण घेणाऱ्या कुठल्याही पोराला पहिल्या वर्षी एक आकडा शिकवतात. हिशेबासाठी माणसाचं शरीर किती ओहमचं धरायचं, तो.

अहिल्याबाईंनी घड्याळाकडे नाही, विपुलकडे पाहिलं. सुनिल सापडला दोन वाजून दहा मिनिटांनी. हा माणूस बारा अठ्ठावन्नला संगणकावर त्याच्याजवळ पोचला होता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनाही त्यांनी स्वप्नाबाईंच्या केबिनमध्ये बसवलं. दाराजवळ पोलीस निरीक्षक उभे होते. त्यांना काय चाललंय ते अजून पुरतं उमगलं नव्हतं.

अहिल्याबाईंनी आधी शांतारामकडे पाहिलं. “पोलिसांनी सुनिलचा फोन जप्त केला, त्याच्या पंचनाम्यात एक न उचललेला कॉल आहे. बारा सदतीस. उपकेंद्राच्या नंबरावरून. परमिट घेतलेल्या माणसाला जेवणाच्या वेळी तुम्ही फोन का केलात?”

शांतारामनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. या एकाच प्रश्नाची ते तीन महिने वाट बघत होते, असं वाटलं.

“मी मागच्या खोलीत डबा खात होतो. ब्रेकर बसल्याचा आवाज आला. तसाच उष्ट्या हातानं धावलो. बारीसाहेब पॅनेलजवळ होते, लाल पाटी काढून टेबलावर ठेवलेली. मी ओरडलो. त्यांनी उघडला परत. दहा सेकंद, जास्त नाही. मी सुनिलला फोन लावला. नुसती रिंग गेली. साहेब म्हणाले, जेवत असेल.” ते थांबले. “मीही म्हटलं, जेवत असेल.”

“हा स्वतःला वाचवायला बोलतोय,” विपुल म्हणाला. “मी डहाणूत होतो.”

“मग मला मॉडेलबद्दलच सांगा,” अहिल्याबाई म्हणाल्या. “तुमचं मॉडेल बरोबर आहे की चूक?”

“म्हणजे?”

“सोपं आहे. चूक असेल तर बाबल्याविरुद्धचा अहवाल रद्दी झाला. आणि बरोबर असेल तर तुमची ‘३१’ नावाची फाइलही बरोबर. परमिटवर खांब लिहिले होते पंचवीस ते चाळीस. जगात कोणाला माहीत नव्हतं सुनिल नेमका कुठे आहे. तुमची रेघ जुळेना, उंचवटा कशाचा ते कळेना, म्हणून उपकेंद्रातच लॅपटॉप उघडून तुम्ही पंचविसाव्या खांबापासून एकेक करत बघत निघालात. एकतिसाव्याला जुळलं आणि तुम्ही थांबलात. बोला, जुळलं ते बरोबर होतं की योगायोग?”

विपुल टेबलावरच्या आपल्या लॅपटॉपकडे पाहत राहिला. पडदा बंद होता. एका शब्दात तो सुटला असता. चूक, एवढंच म्हणायचं होतं. पुढचं वकिलांनी पाहिलं असतं. स्वप्नाबाई त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या.

“मॉडेल बरोबर आहे,” तो म्हणाला.

“विपुल,” स्वप्नाबाई म्हणाल्या.

“बरोबर आहे ते. मला पुरी बंद लाइन चालू होताना हवी होती. परवानगी मागितली तर दोन महिने देत नाहीत, परिषद चार दिवसांवर होती. त्या दिवशी लाइन आयतीच बंद होती. दहा सेकंदांचं काम. पाऊण वाजत आलेला, मला वाटलं जेवायला उतरला असेल.” मग तो स्वप्नाबाईंकडे वळला. “संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. पुढे घाटाळ कबूल झाल्यावर जनरेटरनं होत नाही हेही सांगितलं. स्विच उघडा दाखव, असं यांनी सांगितलं.”

स्वप्नाबाईंनी ते नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, “तो घाटाळ आपणहून कबूल झाला होता. मी कोणाला पकडून आणलं नव्हतं.”

“ब्रेकर लावलात ती चूक म्हणता येईल,” अहिल्याबाई विपुलला म्हणाल्या. “मोठी, पण चूक. बारा अठ्ठावन्नला तुम्हाला खांबाचा नंबर कळला. तुम्ही रुग्णवाहिकेला फोन का केला नाहीत?”

“अकरा हजारांची लाइन होती. पाव सेकंद. माणूस उरत नाही, मॅडम. मी हिशेब केला होता.”

“तुमच्या हिशेबात तो हजार ओहम होता. हजार ओहम मरत नाही आणि वाचतही नाही.” त्यांनी कासाच्या डॉक्टरांचा कागद त्याच्यासमोर ठेवला. “झटक्यानं तो तारेपासून फेकला गेला आणि पट्ट्याला अडकला. पट्ट्याखालची सूज तास-दीड तासाची आहे. त्याला तासभर आधी आणलं असतं तर हात गेले असते, जीव राहिला असता. काल मी त्यांना पुन्हा विचारून आले. तुमच्या खिशात फोन होता आणि तो दीड तास तिथे लोंबत होता.”

विपुलनं तो कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, जणू त्यात कुठेतरी आकड्याची चूक सापडेल.

पोलीस निरीक्षकांनी दार लावून घेतलं.

७

अहिल्याबाईंनी बाबल्याला जीपमध्ये घातलं आणि तलासरीला नेलं. ही गोष्ट बहीणभावाला एकत्रच सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. असं करायचं कर्तव्य नव्हतं. पण आयुष्यात फार थोड्या वेळा त्यांच्या हातात कोणाला द्यायला काही चांगलं आलं होतं.

जमना अंगणात होती. भावाला बघून ती आत वळली. “थांब,” अहिल्याबाई म्हणाल्या. “यानं नाही मारलं.”

त्यांनी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न वगळता. साडेबारा वाजून गेल्यावर उपकेंद्रातून दहा सेकंद वीज सोडली. जनरेटर दीडला लागला. तोवर सुनिलला शॉक लागून तास होत आला होता. बाबल्याच्या मशीनचा यात काही संबंध नव्हता.

जमना कुडाला टेकून खाली बसली. रडली नाही. मग उठली, आतून तांब्या भरून आणला आणि भावासमोर धरला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली. “घे. बस, दादा.”

बाबल्यानं तांब्या घेतला नाही. तो उभाच होता. नेहमीसारखा पायांकडे बघत नव्हता. अहिल्याबाईंकडे बघत होता.

“दीडला मी मशीन लावली तवा तो वर जिता व्हता?”

“हो.”

“ऐकाय येत असंल त्याला?”

“शुद्ध येत-जात असेल. आलं असेल ऐकू.”

“ऐकलाच त्यानं,” बाबल्या म्हणाला. “जीपमधी त्याचा डोका माझे मांडीवर व्हता. डोळे उघडले न् म्हणाला, दादा, तुझ्या मशीननं मना मारला. तेवढाच बोलला. मंग गेला.”

जमनाच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी जमिनीवर सांडत राहिलं.

“म्हणून गेलो मी ठाण्यात,” बाबल्या म्हणाला. “कापूटर-बिपूटर कोणी नव्हता बोलला तवा. तो बोलला व्हता. मरताना माणूस खोटा नाय बोलत, म्हणून मी मानला. मना धरून राहायला तेवढा व्हता, का सुनिल खरा बोलून गेला.”

“तू निर्दोष आहेस, बाबल्या,” अहिल्याबाई म्हणाल्या. “कोर्टात मी स्वतः सांगणार आहे.”

“कोर्टाला सांगा. त्याला कोण सांगल?”

अहिल्याबाईंनी जमनाकडे पाहिलं. ती भावाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर काय होतं ते अहिल्याबाईंना वाचता आलं नाही. मग ती वळली, दारात गेली, क्षणभर उंबऱ्यावर थांबली.

“तो असा समजून गेला, हे मना नको व्हता सांगायला, दादा,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं हळूच दार लावून घेतलं.